विंचूरपर्यंत पोचेल असा आवाज

कॅनडा कॉर्नरजवळच्या त्या दुकानात साधना शिरली तेव्हा काउंटरवर कुणीच नव्हतं. टेबलाखाली मात्र कुणीतरी होतं. बाहेर आलेले दोन पाय, टाचेवर विरलेले मोजे आणि वायरींच्या गुंत्यातून येणारा एक आवाज.

"आलो, आलो... लाइट जायच्या आत एवढं एक जोडू द्या."

साधना थांबली. थांबायला तिची काहीच हरकत नव्हती. सकाळपासून एकामागून एक बॅच घेऊन तिचा घसा बसला होता, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकल्या टेकल्या तिच्या मनात आलं, हा माणूस आणखी थोडा वेळ टेबलाखालीच राहिला तर किती बरं होईल. जानेवारीतली दुपार होती. बाहेर ऊन होतं, पण नाशिकच्या थंडीतलं. अंगावर घ्यावंसं वाटणारं. तिने शालीचं टोक हातांवर ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

"बोला, काय हवं —"

वाक्य अर्धंच राहिलं. तिने डोळे उघडले. टेबलाखालून निम्मा बाहेर आलेला तो माणूस तिच्याकडे बघत होता, आणि बघता बघता उठायला गेला तो थेट टेबलाच्या कडेवर आपटला.

"आई गं —!"

तो डोकं चोळत उभा राहिला आणि मग तिलाही ओळख पटली. तीन वर्षांपूर्वी, देवळाली कॅम्पातल्या तिच्या घरी, बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत हा बसला होता. चतुर्थी होती म्हणून मावशीने साबुदाण्याची खिचडी केली होती. गोरक्ष काकड. मखमलाबादचे, घरची फुलशेती, मुलाचं स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान. बघून गेले, आणि काही दिवसांनी फोन आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवलेली होती, तेव्हा काय समजायचं ते घरात सगळे समजले.

"तुम्ही... साधना मोजाड ना?" त्याने विचारलं.

"हो. आणि तुम्ही पत्रिका न जुळलेले."

त्याचे कान लाल झाले. साधनाला स्वतःचंच नवल वाटलं. असं फटकन बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं; दमणुकीने जिभेवरचा ताबा सुटला असावा.

"पाणी देऊ?" तो म्हणाला.

"सॉफ्टवेअर द्या," ती म्हणाली.

साधना रंगनाथ सरांच्या क्लासमध्ये शिकवायची. कॉमर्सची मुलं, दुकानांमधले मुनीम, आडत्यांची पोरं अशा सगळ्यांना ती कॉम्प्युटरवर हिशेब कसे ठेवायचे ते शिकवत असे. आई गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं. धाकट्या बहिणीचं लग्नही तिनेच लावून दिलं होतं. आता सर पुण्याहून एक नवं खूळ डोक्यात घेऊन आले होते. म्हणजे मॅडमनी कॉम्प्युटरवर काम करत शिकवायचं, पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं, आवाजासकट, रेकॉर्ड करायचं आणि इंटरनेटवर टाकायचं. विंचूरच्या, लासलगावच्या, मालेगावच्या व्यापाऱ्यांनी घरबसल्या शिकायचं.

"सर म्हणतात, स्क्रीनचं शूटिंग करणारं सॉफ्टवेअर आण. सगळ्यात चांगलं कुठलं ते तूच ठरव म्हणाले." तिने हातातली पर्स मांडीवर ठेवली. "मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"असली बरीच आहेत," गोरक्ष म्हणाला. डोकं अजून चोळतच होता. "पण नुसतं नाव ऐकून घेऊ नका. प्रत्येक थोडे दिवस फुकट वापरायला मिळतं. मी क्लासवर येऊन बसवून देतो. तुम्ही एकच धडा प्रत्येकात रेकॉर्ड करा. मग ठरवा."

"तुम्ही स्वतः याल?"

"दुसरं कोण येणार? दुकानात मी आणि हे टेबल, एवढेच आहोत."

साधना हसली नाही. पण शालिमार चौकातून कॅम्पाच्या बसमध्ये चढल्यावर, खिडकीला डोकं टेकल्यावर, तिला तो टेबलावर आपटल्याचा आवाज आठवला, आणि शेजारची बाई बघते आहे हे लक्षात येईपर्यंत तिच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं.

*

क्लासच्या मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. दुपारी बॅचेस नसत तेव्हा तिथे रेकॉर्डिंग चालायचं. साधना कॉम्प्युटरसमोर बसायची, गोरक्ष तिच्यामागे जरा अंतर ठेवून स्टुलावर. धडा एकच होता, मालाची उधारीवर विक्री.

"थांबा, घाबरू नका," साधना माइकमध्ये सांगायची. "आधी तारीख टाका. आता खालच्या रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव..."

पहिल्या सॉफ्टवेअरने सगळं सुरेख टिपलं, पण त्याची फाइल इतकी अवजड झाली की ती उघडताना कॉम्प्युटरलाच धाप लागली. दुसऱ्याने तयार केलेल्या चित्रावर ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव भल्या मोठ्या अक्षरांत आडवं उमटायचं, नेमकं आकड्यांवर. तिसऱ्यात आवाज मागे पडायचा. पडद्यावर माउस केव्हाच 'सेव्ह'पाशी पोचलेला असे आणि साधनाचा आवाज अजून तारखेचं सांगत असे.

"बघा," गोरक्ष म्हणाला, "तुम्ही पुढे निघून गेलात आणि तुमचा आवाज बस चुकल्यासारखा मागून येतोय."

"बस रोज चुकतेच माझी. त्यात नवीन काय?"

मध्येच लाइट जायचे. लोडशेडिंगच्या वेळा रोज बदलायच्या. मग यूपीएस कूंऽऽ कूंऽऽ करून रडायला लागायचा आणि तेही रेकॉर्ड व्हायचं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा "थांबा, घाबरू नका." कधी कधी तिच्या मनात यायचं की आपण माणूस नसून एक अडकलेली कॅसेट आहोत. पण गोरक्ष कधी कंटाळलेला दिसला नाही. तो हेडफोन लावून, मान खाली घालून, प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकायचा.

"आता मलाही उधारीचा हिशेब येतो," एकदा तो म्हणाला. "झोपेतसुद्धा तुम्हीच सांगता. थांबा, घाबरू नका."

"झोपेत?"

"म्हणजे... ऐकून ऐकून..." तो घाईघाईने वायर गुंडाळायला लागला. ती गुंडाळलेलीच होती.

एके दिवशी तो येताना पिवळ्या शेवंतीची जुडी घेऊन आला. घरच्या मळ्यातली. ती माइकच्या शेजारी, पाण्याच्या ग्लासात ठेवली.

"हे कशाला?" साधनाने विचारलं.

"खोली रिकामी आहे ना. आवाज घुमतो."

"फुलांनी आवाज घुमायचा थांबतो?"

"नाही थांबत," त्याने कबूल केलं. "पण तुम्ही हसलात की आवाज चांगला येतो. मी तपासून बघितलंय."

साधनाने पटकन पडद्याकडे तोंड फिरवलं. तारीख टाकताना तिने चुकून पुढचं वर्ष टाकलं.

शेवंतीचा तो कडसर वास दिवसभर खोलीत राहिला. संध्याकाळच्या बॅचला एका मुलीने विचारलं, "मॅडम, आज काही आहे का?" साधना म्हणाली, "काही नाही," आणि फळ्याकडे वळली.

*

त्या दोघांमध्ये भांडण झालं ते एका विनोदावरून.

गोरक्षने चौथं सॉफ्टवेअर आणलं होतं. महागातलं, पण महिनाभर वापरून बघायला मिळणारं. ते बसवता बसवता तो रंगात आला.

"मॅडम, आपण स्थळं बघतोय असं समजा. पहिलं स्थळ, खात्यापित्या घरचं, पण भलतंच अंगापिंडाने भरलेलं. दुसरं देखणं, पण कपाळावर कंपनीचं नाव गोंदलेलं. तिसरं गोड, पण जरा संथ. एक विचारावं तर उत्तर उद्या..."

साधना हसत होती. हसता हसता थांबली.

"घरी गेल्यावर माझ्याबद्दलही असंच बोलला होतात का?"

गोरक्षचा हात माउसवरच थांबला. आणि नेमके लाइट गेले. पंखा फिरत फिरत मंदावला, थांबला. यूपीएसने टाहो फोडला, तो गोरक्षने उठून बंद केला. पडदा काळा झाला.

"नाही," तो म्हणाला. "तसं कुणीच बोललं नव्हतं."

"मग? पत्रिका तर जुळली होती. खरं सांगा. मला आता वाईट वाटणार नाही, त्याचंही काही उरलेलं नाही. पण एकदा कळू तरी द्या, माझ्यात काय कमी होतं."

बाहेर कुणीतरी जनरेटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"आपल्याला अंगणात बोलायला सोडलं होतं," शेवटी तो म्हणाला. "आठवतं?"

तिला खरंच आठवत नव्हतं. त्या वर्षी इतके जण आले होते आणि प्रत्येकाला अंगणच दाखवलं होतं.

"मी तुम्हाला विचारलं, तुम्हाला लग्न करायचंय का? तुम्ही म्हणालात, मला कुठेही चालेल, तुम्ही काय ते ठरवा." तो थांबला. "तुम्ही सकाळची बॅच घेऊन आला होतात. बोटांना खडू तसाच होता. डोळे असे... जसं कुणी खूप चालून आलंय आणि त्याला अजून चालायला सांगतायत. मला तुम्ही आवडला होतात. फार. पण मला वाटलं, या बाईला माझ्या घरी यायचं नाहीये. तिला कुठेच यायचं नाहीये. तिला फक्त बसायचंय. मग घरी सांगितलं, नको."

"आणि पत्रिका?"

"कारण तर द्यायला हवं होतं. तुमच्यात काही उणं काढलेलं मला चाललं नसतं. म्हणून ग्रहांवर ढकललं."

साधनाला काय वाटलं ते तिलाच नीट कळेना. राग म्हणावा तर राग नव्हे. तीन वर्षं ती आरशात आपला रंग, आपलं वय, आपले दात तपासत आली होती. आणि हा माणूस सांगत होता की त्याने तिची दमणूक बघितली होती. ती तर घरात कुणीच बघितली नव्हती.

"पुन्हा विचारायचं होतं," ती हळूच म्हणाली. "एकदा... दुसऱ्या दिवशी. झोप झाल्यावर."

"हो. विचारायला हवं होतं. धीर झाला नाही."

"तुमचं लग्न?"

"नाही झालं."

"का?"

"काय सांगू..." अंधुक खोलीतही तो हसल्याचं तिला कळलं. "ग्रह वाकडे आहेत."

तिनेही हसू दाबलं, पण ते तिला पुरतं दाबता आलं नाही. लाइट आले तेव्हा पडद्याकडे न बघता दोघंही शेवंतीकडे बघत होते.

*

चौथं सॉफ्टवेअर चांगलं निघालं. फाइल लहान व्हायची, आवाज माउसबरोबर चालायचा, जिथे टिचकी मारली तो भाग पडद्यावर मोठा दिसायचा, आणि बोलताना चूक झाली तर तेवढाच तुकडा कापून टाकता यायचा. तरी नाशिकमध्ये चालतं ते खेड्यात चालेल याची खात्री नव्हती. सर म्हणाले, विंचूरला जाऊन बघून या. तिथले कांद्याचे आडते धोंडीराम त्यांच्या ओळखीचे होते.

एसटीने दोघं विंचूरला उतरली तेव्हा बाजारात लिलाव चालू होता. ट्रॅक्टरच्या रांगा, धूळ, आणि हवेत उडणारी कांद्याची गुलाबी टरफलं. निजामभाईंचं नेट कॅफे बाजाराच्या तोंडाशीच होतं. धोंडीराम तिथे आधीच येऊन बसले होते. पांढरी टोपी, पांढरी मिशी, आणि हातात वाचायचा चष्मा.

निजामभाईंनी धडा उघडला. थोडा वेळ पडद्यावर नुसतंच चाक फिरत राहिलं. साधनाने नकळत श्वास रोखून धरला. मग चित्र आलं, आणि मागोमाग त्या चिमुकल्या स्पीकरमधून, बाहेरच्या लिलावाच्या आरड्याओरड्यावर मात करत, तिचा आवाज.

"थांबा, घाबरू नका. आधी तारीख टाका..."

"आलं!" गोरक्ष जवळजवळ ओरडलाच.

साधना ऐकत राहिली. आपलाच आवाज असा तिऱ्हाईतासारखा ऐकताना तिला विचित्र वाटलं.

"मी एवढी दमलेली वाटते?" तिने गोरक्षला हळूच विचारलं.

त्याने खोटं सांगितलं नाही. "वाटता. पण... ऐकत राहावंसं वाटतं."

धोंडीराम मात्र खूश होते. "लय भारी हाय! माझ्या पोराला नाशकाला धाडायची गरज नाय आता." त्यांनी मांडीवर थाप मारली. "रंगनाथ सर बोललेच व्हते, धोंडीरामशेठ, एकदा ह्या बाईंचं समदं भरून घेतलं का मंग पुढल्या वर्षापासून पगारी बाई ठेवायची कटकटच नाय. कॉम्पुटरच शिकवनार."

स्पीकरमधून साधनाचा आवाज खालच्या रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव घालायला सांगत होता.

धोंडीरामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट बघितलं. "तुमीच का त्या बाई?"

"हो, काका," साधना म्हणाली. "मीच."

म्हातारा खजील झाला. काय करावं ते न सुचून त्याने तिच्यासाठी चहा सांगितला.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा गोरक्षने तिला दिली. गाडी निफाडपर्यंत आली. बाहेर द्राक्षांचे मळे मागे जात होते. नोकरी जाणार याचं दुःख तिला होतंच. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती स्वतःशी कबूल करायची तिला लाज वाटत होती. नोकरी जाणार हे ऐकल्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"एक बोलू?" गोरक्ष म्हणाला. "मी सरांना पहिलंच सॉफ्टवेअर घ्यायला सांगतो. ते जाड. विंचूरला फाइल उघडायला दिवाळी उजाडेल. मग तुमची नोकरी कुठे जात नाही."

तो इतक्या गंभीरपणे बोलत होता की साधनाला हसूच आलं.

"असं खोटं सांगाल तुम्ही?"

"एकदा सांगितलंय ना ग्रहांच्या बाबतीत. सवय आहे."

"नको," ती म्हणाली. "निवडायला मला सांगितलंय. मी जे निवडेन ते चांगलंच निवडेन. पुढचं मी बघते."

त्याने मान हलवली. मग तो तिच्या कानाजवळ कुठेतरी बघत राहिला. त्याचा हात थोडासा उचलला गेला... आणि परत मांडीवर आला.

"काय?" तिने विचारलं.

"तुमच्या केसांत... नाही, काही नाही."

घरी पोचल्यावर, तोंड धुताना, तिला आरशात ते दिसलं. कानामागच्या केसांत अडकलेलं कांद्याचं गुलाबी टरफल, एखाद्या पाकळीसारखं पातळ. ती ते हातात घेऊन किती तरी वेळ तशीच उभी राहिली. इतका वेळ, इतक्या जवळ बसून, त्याने ते काढलं नव्हतं. काढावंसं वाटूनही नव्हतं काढलं. हे तिला फार आवडलं, आणि थोडं आवडलंही नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचनंतर साधना सरांच्या केबिनमध्ये गेली.

"कुठलं ठरलं, मॅडम?" सरांनी विचारलं.

"चौथं. विंचूरला व्यवस्थित चालतं. पण सर, मला एक बोलायचंय. माझं सगळं भरून घेतल्यावर पुढल्या वर्षी मी नाही, असं धोंडीरामशेठ म्हणाले."

सर ओशाळले, पण त्यांनी नाकारलं नाही. माणूस वाईट नव्हता. जागेचं भाडं वाढत होतं, शेजारी दुसरा क्लास उघडला होता. "अहो, आत्ताच कुठे काय ठरलंय... धंदा आहे, मॅडम. सगळंच बघावं लागतं."

"मी रेकॉर्ड करून देते," साधना म्हणाली. "पण आठवड्यातून एक बॅच माझी राहू द्या. ज्यांना रेकॉर्डिंग बघून कळलं नाही, ते येतील, विचारतील. माणूस कुठे अडतो ते त्या सॉफ्टवेअरला दिसत नाही. ते फक्त स्क्रीन बघतं."

सरांनी पेन उघडलं, मिटलं. "फोनवर कुणीही सांगेल हो तेवढं. त्यासाठी वेगळा पगार... बघू. तुम्ही आधी रेकॉर्डिंग तर पूर्ण करा."

एरवी ती 'बरं' म्हणाली असती. 'बरं' हा शब्द तिच्या तोंडून इतक्या वर्षांत इतक्या वेळा बाहेर पडला होता की तो आपोआप ओठांवर येऊन उभा राहायचा. आजही आला. साधनाने तो गिळला.

"नाही, सर. मग मी रेकॉर्ड करणार नाही."

"म्हणजे?"

"सॉफ्टवेअर तुम्ही चौथंच घ्या. आवाज मात्र दुसऱ्या कुणाचा तरी शोधा. हा महिना मी पूर्ण करीन. आज मला सुट्टी हवीये."

आपण हे बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पर्स खांद्याला लावून ती जिना उतरली. रस्त्यावर सकाळचं कोवळं ऊन होतं, भाजीवाल्या बायका पाट्या मांडून बसल्या होत्या, आणि इतक्या लवकर घरी जाणारी बस किती रिकामी असते हे तिला माहीतच नव्हतं.

घरी वडिलांनी, मोतीरामांनी, तिच्याकडे बघितलं. तोफखान्याच्या भांडारात सारी हयात काढलेला तो कमी बोलणारा माणूस.

"बरं नाही का गं?"

"बरंय, आबा. झोपायचंय फक्त."

"मग झोप," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी स्वतः खिडक्या लोटून घेतल्या.

*

ती जागी झाली तेव्हा खिडकीच्या फटीतून येणारं ऊन तिरपं झालं होतं. किती वर्षांनी दुपारची झोप लागली होती... क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना. मग अंगणातून बोलण्याचे आवाज आले. एक आबांचा. दुसरा —

साधना उठून बसली. पडद्याआडून तिने बाहेर बघितलं. अंगणात घोंगडी अंथरली होती. तिच्यावर आबा आणि गोरक्ष समोरासमोर बसून मटार सोलत होते. बाजूला सालींचा मोठा ढीग झाला होता, आणि ताट दाण्यांनी काठोकाठ भरलं होतं.

तिने तोंडावर पाणी मारलं, केस कसेबसे बांधले आणि बाहेर आली. तिला बघताच आबा उठले.

"दुपारपासून आलाय हा. तुला उठवू म्हटलं तर नको म्हणाला," ते म्हणाले. "म्हटलं मग सोल मटार." आणि चहा टाकायच्या निमित्ताने ते आत गेले. जाताना दार ओढून घ्यायला विसरले नाहीत.

साधना घोंगडीच्या कडेला बसली. संध्याकाळची थंडी उतरायला लागली होती.

"केव्हा आलात?"

"झाला थोडा वेळ," तो म्हणाला. भरलेलं ताट दोघांच्या मधोमध होतं.

"सर भेटले?"

"भेटले. सगळं सांगितलं त्यांनी." तो शेंग बोटांत फिरवत राहिला. "सॉफ्टवेअर घेतलं त्यांनी माझ्याकडून. मी दिलं. रागावलात?"

"नाही. चांगलंच आहे ते. मी निवडलंय."

"आता पुढे काय करणार?"

"माहीत नाही. शिकवेनच कुठेतरी. इथेही शिकवेन, या अंगणात... पण एवढ्यात नाही."

तो काही तरी बोलणार होता. त्याने शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, साल चुकून तीही ताटात टाकली.

"विचारायचंय ना काहीतरी?" साधना म्हणाली.

"हो. पण आज नको. तुम्ही दमलेल्या आहात."

"गोरक्ष," तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली, "मी कॉलेज संपल्यापासून दमलेलीच आहे. ते संपायची वाट बघत बसलात तर म्हातारे व्हाल. विचारा."

त्याने हात पुसले. सदऱ्याला पुसले, मग घोंगडीला पुसले.

"तुम्हाला... माझ्याशी लग्न करायचंय?"

साधनाने लगेच उत्तर दिलं नाही. तिला ते नीट, स्वतःशी, आतपर्यंत जाऊन बघायचं होतं. हेडफोन लावून मान खाली घालून बसणारा तो माणूस. ग्लासातली शेवंती. एसटीत उचलला जाऊन परत मांडीवर गेलेला तो हात. आणि आज, तिला कुणी उठवू नये म्हणून बसलेला. आत कुठेही 'बरं' नव्हतं. दुसराच शब्द होता.

समोर गोरक्षचा चेहरा उतरत चालला होता.

"हो," ती म्हणाली. "मला करायचंय."

त्याने मान वर केली. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास त्याने सोडला, तो थंडीत वाफ होऊन दोघांच्या मधून गेला.

"पण आधी मला झोपायचंय," साधना म्हणाली. "खूप. रोज दुपारी. त्यात कुणी बोललेलं मला चालणार नाही."

"झोपा ना. मी येऊन इथे बसेन. मटार सोलत."

"मटार संपतील."

"मग तुरीच्या शेंगा आणीन."

"त्याही संपतील."

"मग हरभरा. ओला हरभरा सोलायला फार वेळ लागतो."

"आणि हरभऱ्यानंतर? उन्हाळ्यात सोलायला काहीच नसतं."

गोरक्ष विचारात पडला. खरोखरच विचारात पडला. भुवया आवळून, आभाळाकडे बघत.

"उन्हाळ्यात मग," तो म्हणाला, "लग्नच करावं लागेल."

साधना हसली. ताटात पडलेली ती साल तिने उचलून बाजूला टाकली, आणि घोंगडीवर जराशी सरकून, त्याच्या खांद्याला खांदा टेकवून बसली.